बोज्जय्या लाल झाला तो दिवस

बोज्जय्याच्या पोटातून एसटी दिसत होती.

एसटी मीच काढली होती, लाल, चौकोनी, टपावर दोन ट्रंका आणि एक बोकड. सोलापूर स्टँडवर एसटी उभी आणि तिच्या पुढ्यात वाट अडवून बोज्जय्या उभा, असं ते चित्र व्हायला हवं होतं. झालं भलतंच. हत्तीची नुसती काळी रेघ उरली होती आणि बेंबीच्या जागी एसटीचं मागचं चाक आलं होतं.

"हा पांढरा कुणी खाल्ला?" नायनांनी विचारलं.

नायना म्हणजे माझे वडील, राजेशम चिट्याल. आमच्या पद्मशाली विणकरांच्या घरात वडलांना नायना म्हणतात आणि आईला अम्मा. घरात तेलुगू आणि मराठीची अशी मिसळ चालायची की पाहुणा आला तर त्याला दोन्ही भाषा आपल्याला येत नाहीत असं वाटायचं. बोज्जा म्हणजे तेलुगूत ढेरी. म्हणून आमच्या ढेरपोट्या हत्तीचं नाव बोज्जय्या.

"मी मागचं सगळं काढून टाकलं," मी म्हटलं. "कॉम्प्युटरला सांगितलं, जे पांढरं ते वगळ. त्यानं वगळलं."

"हत्ती पण पांढराच हाय की."

"त्याला काय कळतंय, कुठला पांढरा हत्तीचा आणि कुठला मागचा?"

"त्याला नाही कळत. मग तुला कळाय पाहिजे का नको?"

वर्ष दोन हजार तीन. मी एकोणीस वर्षांची होते, बारावीनंतर अशोक चौकातल्या एका कॉम्प्युटर क्लासला जात होते. क्लासच्या नोटीस बोर्डावर दर सोमवारी माझं एक चित्रकथेचं पान लागायचं. चार चौकटी, त्यात बोज्जय्या आणि शेवटी एक फजिती. बोज्जय्या रिक्षात बसला, रिक्षा मागून टेकली आणि पुढचं चाक वर. बोज्जय्यानं शेंगाचटणी खाल्ली आणि सोंडेनं कंबर तलाव अर्धा केला. पोरंपोरी फॉर्म भरायला यायची आणि आधी बोर्डापाशी जायची. मला फार भारी वाटायचं. पण बोज्जय्या मूळचा माझा नव्हताच, तो नायनांचा.

नायना एका चादरीच्या कारखान्यात ग्राफ खात्यात होते. चादरीवर जी नक्षी येते, ती आधी चौकटीच्या कागदावर काढावी लागते. एकेक चौकोन भरायचा, भरलेला म्हणजे एक धागा वर, रिकामा म्हणजे खाली. मग तो कागद बघून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात आणि ती कार्डं मागावर चढतात. नायना त्या चौकोनाला 'घर' म्हणायचे. चाळीस वर्षं त्यांनी घरं भरली होती. मोर, कमळ, वेल, आणि चादरीच्या चार कोपऱ्यांत हा हत्ती. अंगानं पांढरा, भोवती काळी रेघ. मी क्लासमध्ये पहिल्यांदा पेंट उघडून चित्र मोठं करून पाहिलं आणि पडद्यावर चौकोनच चौकोन दिसले, तेव्हा जोरात हसले होते. सर म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, काही नाही सर, हे आमच्या घरचंच आहे.

सुट्टीच्या दिवशी सर मला सरावाला बसू द्यायचे. त्या दिवशी नायनाही यायचे. मांडीवर ग्राफचा कागद घेऊन ते ओळ वाचायचे, "चार सोड, तीन काळे, अकरा सोड, एक काळा..." आणि मी एकेक घर टिचक्या मारत भरायची. असा बोज्जय्या कागदावरून पडद्यावर आला. आला खरा, पण पांढऱ्या कागदासकट आला. त्याला स्टँडवर नेऊन उभा करायचा तर भोवतालचं पांढरं काढणं आलं. आणि ते काढताना मी हत्तीही काढून टाकला होता.

नायनांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"कागदावर पांढरं घर रिकामं दिसतंय," ते म्हणाले. "मागावर कुठलंच घर रिकामं नसतंय, बिड्डा. तिथं पांढरा धागा असतोय. त्याचं पण वजन भरतंय चादरीत."

लाडात आले की ते मला बिड्डा म्हणायचे, म्हणजे लेकरू.

"मग काय करू?"

"हत्तीला हात लावू नको. भोवतालच्या जमिनीला असा रंग दे, जो तुझ्या चित्रात कुठंच नाही. मग त्याला सांग, तेवढाच वगळ."

मी पडद्यावरच्या रंगपेटीतला सगळ्यात भडक राणी रंग घेतला, तसल्या रंगाची चादर सोलापुरात कुणी पांघरली नसती. रंगाची बादली बोज्जय्याच्या बाहेर ओतली. बाहेरचं सगळं राणी झालं, आतला हत्ती पांढरा राहिला, कारण मधली काळी रेघ कुठंच उघडी नव्हती. मग कॉम्प्युटरला सांगितलं, राणी तेवढा वगळ. बोज्जय्या उचलला आणि एसटीपुढे ठेवला. चांगला भरीव, पोटाच्या मागं एसटी अर्धी झाकली गेली.

"आता बसला," नायना म्हणाले, आणि स्वतःशीच हसले.

त्यानंतर महिन्याभरातच शेठनं ग्राफ खातं बंद करायचं ठरवलं.

सुदर्शनशेठ तरुण होते, तिशीचे. लहानपणी ते कारखान्यात यायचे तेव्हा नायनांनी त्यांना रद्दी ग्राफवर पतंग काढून दिले होते. म्हणून ते नायनांना अण्णा म्हणायचे. मनानं वाईट नव्हते. त्यांनी कॉम्प्युटर घेतला होता, त्यातून नक्षी थेट मशीनला जाणार होती. ग्राफ नको, कार्डं नकोत. खात्यात चौघे होते. दोघे आधीच सुरतेला गेले, तिसऱ्यानं चहाची गाडी टाकली. राहिले नायना.

"अण्णा, खुर्ची एकच आहे," शेठ त्यांना म्हणाले. "कॉम्प्युटर शिका आणि तुम्हीच बसा. तुमच्यावाचून मला दुसरा नको. पण नाही जमलं तर घडी खात्यात जावं लागेल. माझा नाइलाज आहे."

घडी खातं म्हणजे तयार चादरींच्या घड्या घालून त्या पिशवीत भरायचं खातं. तिथं नवीन आलेली पोरं आणि डोळे गेलेले म्हातारे असायचे. नायना घरी आले, हातपाय धुतले आणि जेवताना ही गोष्ट अशी सांगितली की जणू शेजारच्याची आहे.

अम्मा सुपात विड्या वळत होती. तिची बोटं थांबली नाहीत.

"आता ह्या वयात तुम्ही उंदीर धरणार?" ती म्हणाली. माउसला आमच्याकडे उंदीरच म्हणायचे. "आणि हिचं भिवंडीचं स्थळ? ते लोक माघात लग्न धरा म्हणायलेत. बाप घडी खात्यात गेलेला कळलं तर आणखी नाक वर करतील."

"मी शिकवते नायनांना," मी म्हटलं.

"तू आधी पानं नीट कात्रायला शिक."

भिवंडीचा मुलगा मी पाहिला होता. त्याचं काही वाईट नव्हतं. घरात बारा माणसं, सोळा लूम आणि होणाऱ्या सासूचा एकच प्रश्न, विड्या किती वळतेस? कॉम्प्युटर म्हटल्यावर त्या बाई म्हणाल्या होत्या, आमच्याकडे तसलं काही लागत नाही. मी ते ऐकून घेतलं होतं. आमच्या गल्लीत मुलीचं असंच व्हायचं आणि माझं काही वेगळं होईल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या डोक्यात त्या दिवसांत एकच होतं, की नायना त्या खुर्चीत बसले पाहिजेत. चादरींच्या घड्या घालणारे नायना माझ्या डोळ्यांपुढं येतच नव्हते.

शिकवणं सोपं नव्हतं. नायना माउस असा धरायचे की कपड्याला इस्त्री करतायत. टेबल संपलं की उंदीर हवेत उचलायचे आणि विचारायचे, आता का जात नाही पुढं? 'डबल क्लिक' ह्या प्रकारावर आमचे आठ दिवस गेले. पहिली टिचकी मारून ते थांबायचे, नीट लागली का बघायचे, मग दुसरी मारायचे.

"एकदम मारा, नायना! टक-टक!"

"घाईनं मारलेलं नीट लागत नाही."

"हा कॉम्प्युटर आहे. ह्याला घाईच लागते."

पण एकदा का घरं भरायला बसले की त्यांचा हात काय सुरेख चालायचा! मी दोनदा मोजणार तिथं ते नुसते बघायचे. दोन महिन्यांत ते चित्र काढू लागले, बादली ओतू लागले, राणी जमीन करून हत्ती उचलू लागले. फाइल कुठं ठेवली ते तेवढं विसरायचे. ते तर आजही माझ्या हापिसातले इंजिनिअर विसरतात.

दिवाळी झाली आणि शेठनं परीक्षा लावली. लहान मुलांची एक नवीन चादर काढायची होती, कोपऱ्यात हत्ती असलेली. प्रत्येक पिशवीत मुलांसाठी एक छापील चित्रकथा घालायची, आठ चौकटींची. क्लासच्या बोर्डावरचा बोज्जय्या शेठच्या पुतण्यानं पाहिला होता, त्यावरून ही कल्पना आली होती.

"अण्णा, कॉम्प्युटरवर ही चित्रकथा करून आणा," शेठ म्हणाले. "शनिवारी माझ्यासमोर उघडून दाखवायची. मी सांगीन तो बदल तिथल्या तिथं करायचा. जमलं तर सोमवारपासून खुर्ची तुमची. पोरगीला आणा हवं तर, पण उंदीर तुमच्या हातात."

गोष्ट मी रचली. बोज्जय्याला थंडी वाजते, पण कुठलीच चादर त्याला पुरत नाही. सोंड झाकली तर पाय उघडे, पाय झाकले तर ढेरी उघडी. बाजारातले सगळे दुकानदार दमतात. शेवटी आठ चादरी एकाला एक जोडून त्याच्या पाठीवर टाकतात आणि आठव्या चौकटीत तो खुशीत उभा. त्यासाठी लागतील तेवढे बोज्जय्या नायनांनी काढले, बसलेला, वाकलेला, शिंकणारा. मागची दुकानं, स्टँड, तलाव मी काढले. राणी जमीन करून एकेक हत्ती उचलून आम्ही त्या-त्या चौकटीत बसवला. आठव्या चौकटीत मात्र मागं काहीच नको म्हणून पांढरं सोडलं.

गुरुवारी दुपारी नायना कामावर होते आणि मी एकटीच क्लासमध्ये होते. मला वाटलं, शेवटच्या चित्रातला बोज्जय्या खूश दिसत नाही. त्याची खाली पडलेली शेपूट मी पुसली आणि वर उभारलेली नवी शेपूट काढली. टोकाला गोंडा काढला. एकदम झकास दिसायला लागला. सगळं छापून घेतलं आणि संध्याकाळी कागद नायनांच्या हातात दिला. त्यांनी दारात बसून, उजेड होता तोवर, तो कागद पाहिला.

"शेपूट बदलली?"

"चांगली झाली ना?"

"चांगली झाली," ते म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

शुक्रवारी ते फार बोलले नाहीत. मला वाटलं, परीक्षेची धास्ती आहे.

शनिवारी नायनांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. अम्मानं देवापुढं दिवा लावला आणि आमच्या समाजाच्या मार्कंडेयाला काहीतरी बोलली, काय ते मला सांगितलं नाही. अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यात आम्ही अकराला पोचलो. शेठच्या केबिनमध्ये एसी होता. नायना खुर्चीच्या कडेवर बसले, मी मागं उभी राहिले, शेठ बाजूला खुर्ची ओढून बसले.

नायनांनी फ्लॉपी घातली, फाइल उघडली. टक-टक, अगदी माझ्यासारखं. मी मागं उभ्या उभ्या मूठ आवळली.

पहिल्या चौकटीला शेठ हसले. तिसरीला मोठ्यानं हसले. पाचवीत बोज्जय्या शिंकतो आणि दुकानातल्या सगळ्या चादरी उडतात, तिथं त्यांनी शिपायाला आत बोलावून दाखवलं. सहावीत त्यांनी पाटीवर कारखान्याचं नाव टाकायला सांगितलं. नायनांनी टाकलं. सातवीत तलाव थोडा निळा करायला सांगितला. केला. खुर्ची आता वीतभरावर होती.

"ही शेवटची फिकी वाटते," शेठ म्हणाले. "मागं पांढरं कशाला? आपला लाल भरा. आपल्या चादरीचा लाल."

"लाल?" नायनांनी विचारलं.

"लाल."

त्यांनी पेटीतून लाल घेतला. बादली घेतली. ती बोज्जय्याच्या शेजारच्या पांढऱ्यावर आणून ठेवली आणि थांबले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला. मग टिचकी मारली.

सगळं लाल झालं. मागचं लाल झालं आणि हत्तीही लाल झाला. सोंड, पाय, ढेरी, सगळा बोज्जय्या नखशिखांत लाल, आणि त्या लालात त्याची काळी रेघ, पाठीवरच्या चादरी आणि दोन डोळे.

शेठ आधी दचकले आणि मग हसत सुटले. "अण्णा! हत्ती कापला का काय!"

मला क्षणात कळलं. रेघेत कुठंतरी एक घर उघडं असलं की बादलीतला रंग तिथून आत गळतो. आणि ते घर कुठलं असणार, हेही कळलं. गुरुवारी मी जुनी शेपूट पुसली, तेव्हा तिच्या बुडाशी एक काळं घर पुसलं गेलं असणार. पांढऱ्यावर पांढरं, कुणाला दिसणार? चूक माझी होती, शंभर टक्के माझी.

"हात चुकला माझा," नायना म्हणाले.

"बरं, मग आता?"

"आता..." नायनांनी उंदरावरचा हात काढून घेतला. "आता पोरीला ठाऊक. मला नाही एवढं जमत, शेठ."

मी वाकले. आधी लाल मागं घेतला, चित्र मोठं केलं, शेपटीच्या बुडाशी गेले. होतंच तिथं उघडं घर. काळ्यानं भरलं, चित्र लहान केलं, लाल ओतला. मागं लाल, आणि लालापुढं पांढराशुभ्र बोज्जय्या, शेपूट वर. ह्या सगळ्याला पाऊण मिनिट लागलं असेल.

"वा!" शेठ म्हणाले. "काय केलंस?"

"एक घर भरलं."

आता सांगायचं होतं, की ते घर मीच पुसलं होतं. नायनांची टिचकी बरोबर होती, केसभरही इकडंतिकडं नव्हती. मी तोंड उघडलं. शेठ माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, जसं आजवर कुणीच बघितलं नव्हतं. मी तोंड मिटलं. खरं सांगते, भीती वाटली. दोघांच्याही हातून खुर्ची जाईल अशी भीती वाटली. आणि त्या भीतीच्या खाली कुठंतरी मला ती 'वा' आवडली होती. ते आजही लिहिताना लाज वाटते.

शेठ थोडा वेळ पेन आपटत बसले.

"अण्णा, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "पण खुर्चीत हिला बसवू. पगार घरातच येईल. तुम्ही घडी खात्यात या, तिथं बसून काम आहे. चालेल?"

"चालतंय की," नायना म्हणाले. "चांगलं होईल."

परतताना आम्ही चालत आलो. नायना रस्त्याकडेची दुकानं बघत चालले होते. घराच्या वळणावर म्हणाले, "सोमवारी नऊला पोचायचं. पहिल्याच दिवशी उशीर नको."

अम्मानं सगळं ऐकून घेतलं. मग सूप बाजूला ठेवलं, जे ती कधी ठेवायची नाही.

"चाळीस वर्षांत ह्यांचा हात चुकला नाही," ती म्हणाली, "तो आजच कसा चुकला?"

"वय झालं," नायना म्हणाले. "वाढ लवकर."

भिवंडीला निरोप गेला, मुलगी नोकरीला लागली, दोन वर्षं थांबा. ते थांबले नाहीत. अम्मा आठवडाभर कुणाशी धड बोलली नाही. मी सोमवारी नऊला खुर्चीत बसले.

आणि नायना घडी खात्यात गेले. चादर घडी करायची, पिशवीत सारायची आणि वर बोज्जय्याची चित्रकथा ठेवायची. चार वर्षं त्यांनी हेच केलं. मी दर सहा महिन्यांनी नवी चित्रकथा काढायची आणि त्यांच्या हातांनी ती पिशव्यांत जायची. खात्यातली पोरं त्यांनाच बोज्जय्या म्हणायला लागली होती. त्यांना राग नव्हता. डबा खाताना ते मला म्हणायचे, "तिसऱ्या चित्रात सोंडेला एक घर जास्त झालंय बघ." बघितलं की असायचंच. मी दुरुस्त करायची आणि दरवेळी आतून खायला उठायचं, की ह्या माणसाची खुर्ची मी घेतली. खोटं बोलून नाही, गप्प बसून.

पुढं मी पुण्याला आले. मोबाइलवरचे खेळ करणाऱ्या एका कंपनीत लागले. दिवसभर चौकोनी माणसं काढायची, त्यांच्यामागचं सगळं काढून त्यांना भलत्याच राज्यात नेऊन उभं करायचं. लग्न झालं, माझ्या पसंतीनं. घर झालं. लोक विचारायचे, ह्यात तू कशी आलीस? मी सांगायची, वडील ग्राफ डिझायनर होते. पुढचं सांगत नव्हते.

त्या शनिवाराला अकरा वर्षं झाली. नायनांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून मी सोलापूरला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कॉटवर उशीला टेकून बसले होते, एका डोळ्यावर पांढरी पट्टी, दुसरा मिटलेला. अम्मा देवळात गेली होती. मी त्यांना पेपर वाचून दाखवत होते. कसं कोण जाणे, ते माझ्याकडे बघत नव्हते म्हणूनच असेल, माझ्या तोंडून निघून गेलं.

"नायना, तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी शेठपुढं हत्ती लाल झाला ना, तो तुमच्यामुळं नव्हे. शेपटीपाशी घर उघडं होतं. मी पुसलं होतं ते, गुरुवारी. मला तिथंच कळलं होतं आणि मी बोलले नाही."

त्यांचा डोळा मिटलेलाच होता. मला वाटलं, झोप लागली.

"नायना?"

"एवढंच?"

"एवढंच काय! तुमची खुर्ची गेली त्यात!"

"अगं, मी चाळीस वर्षं ग्राफ तपासले," ते म्हणाले. "पुसलेलं घर मला दिसायचं नाही होय? तू कागद दिलास तेव्हाच दारात बसून बघितलं होतं."

मला पहिल्यांदा त्यांचं बोलणं समजलंच नाही. समजलं तेव्हा पेपर खाली ठेवला.

"गुरुवारीच? मग मला सांगितलं का नाही? तुम्हाला भरता आलं असतं. शनिवारी तिथं बसून पण भरता आलं असतं, शेठनं लाल म्हटल्यावर."

"आलं असतं की."

"मग टिचकी का मारलीत?"

नायनांनी चादर छातीपर्यंत ओढून घेतली.

"खुर्ची एकच होती. मी बसलो असतो तर तू माघात भिवंडीला गेली असतीस. दोन दिवस मी विचार करत होतो. घर भरावं का ठेवावं, घर भरावं का ठेवावं. तिथं गेल्यावर पण ठरत नव्हतं. म्हटलं, शेवटच्या चित्रात शेठ रंग भर म्हणाला तर देवाची मर्जी, नाही म्हणाला तर माझी खुर्ची. शेठ लाल म्हणाला."

मी रागावले. खरंच रागावले, मला आठवतंय. "मला अकरा वर्षं कसं वाटलं असेल? मला वाटायचं मी भित्री, मी स्वार्थी. तोंड उघडलं होतं मी तेव्हा आणि मिटलं!"

"दिसलं मला," ते म्हणाले. "पडद्याच्या काचेत दिसत होतीस तू मागं. तू तोंड उघडलंस आणि माझा जीव गोळा झाला. जन्मात कधी गप्प बसली नाहीस तू, अम्माला विचार. म्हटलं, आता ही खरं बोलणार आणि सगळं फुकट जाणार. देवा मार्कंडेया, आज एवढं एकदा हिला गप्प बसव. आणि बसलीस. बरं केलंस बिड्डा. लै बरं केलंस."

मी त्यांचा हात धरला आणि त्यावर डोकं टेकवून लहान पोरीसारखी रडायला लागले. थोड्या वेळानं त्यांचा दुसरा हात डोक्यावर आला.

"तू बाहेर जाऊन रड जा," ते म्हणाले आणि डोक्यावरचा हात काढून स्वतःच्या पट्टीपाशी नेला. "डॉक्टरनं सांगितलंय, आठ दिवस डोळ्याला पाणी लागता कामा नये."